द्राक्षबागेतले सेन्सर : सारांश पाठवला म्हणजे माहिती बुडाली का?

आयआयटी मुंबईने ‘ॲग्रीसेन्स’ प्रकल्पात नाशिकच्या सुला द्राक्षबागेत बिनतारी सेन्सरचे जाळे उभारले होते. अशा जाळ्यात सेन्सर एकमेकांमार्फत आकडे गेटवेकडे, म्हणजे सगळी माहिती जमा करणाऱ्या यंत्राकडे, सरकवतात. वाटेतच किमान, कमाल किंवा बेरीज काढून सारांश पुढे धाडणे, हे डेटाचे एकत्रीकरण. त्याबद्दल काही गैरसमज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : प्रत्येक आकडा गेटवेपर्यंत गेलाच पाहिजे.
वस्तुस्थिती : सेन्सरची बॅटरी मोजमापापेक्षा रेडिओवर जास्त खर्च होते. पॉटी आणि कायझर या संशोधकांनी 2000 साली मांडलेल्या हिशेबानुसार, एक किलोबिट माहिती 100 मीटर पाठवायला लागणाऱ्या ऊर्जेत प्रोसेसर सुमारे 30 लाख सूचना पार पाडू शकतो. म्हणून हिशेब जागेवर करणे स्वस्त पडते.

गैरसमज : सारांश म्हणजे सरासरी.
वस्तुस्थिती : सारांश प्रश्नावर ठरतो. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडमध्ये थंडीची लाट आली की मण्यांना तडे जाण्याची भीती असते. तिथे रात्रीचे किमान तापमान हवे, दिवसाची सरासरी काय कामाची? द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा अंदाज बांधायचा तर पाने सलग किती तास ओली राहिली, हे हवे.

गैरसमज : सरासऱ्यांची सरासरी काढली की झाले.
वस्तुस्थिती : एका गटात चार सेन्सर आहेत, सरासरी 20 अंश. दुसऱ्या गटात एकच, 30 अंश. दोन्हींची सरासरी 25 येते. पाचही सेन्सरची खरी सरासरी मात्र 22 आहे. म्हणून प्रत्येक गटाने बेरीज आणि सेन्सरची संख्या, असे दोन्ही आकडे पाठवायचे. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र अशा छोट्या सारांशांतून नेमका निघत नाही.

गैरसमज : सेन्सर वाढवले की जाळे आपोआप सुधारते.
वस्तुस्थिती : गेटवेजवळचे सेन्सर स्वतःबरोबर इतरांचेही आकडे वाहतात, त्यामुळे त्यांचीच बॅटरी आधी संपते आणि मागच्या चांगल्या सेन्सरचाही गेटवेशी संपर्क तुटतो. एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी 2000 साली मांडलेल्या ‘लीच’ पद्धतीत सेन्सरचे गट पडतात, गटप्रमुख आकडे गोळा करतो आणि प्रमुखपद आळीपाळीने फिरते. भार वाटला जातो.

गैरसमज : सारांशात धोक्याचा इशारा हरवतो.
वस्तुस्थिती : मर्यादा आधी ठरवून दिली, तर ती ओलांडणारा आकडा सारांशाची वाट न पाहता लगेच पाठवता येतो. बाकीचे आकडे ठरल्या वेळी जातात.

यंत्रणा घेताना बागायतदारांनी एक गोष्ट आवर्जून मागावी : पडद्यावर प्रत्येक सारांशाबरोबर तो किती सेन्सरवरून आला, हेही दिसले पाहिजे. पन्नासातले दहाच बोलत असतील, तर त्या आकड्यावर फवारणीचा निर्णय घेणे धोक्याचे.