धावता धावता श्वास घेणारी घोरपड

पळणाऱ्या सरड्याला धड श्वास घेता येत नाही. तो डावी-उजवीकडे अंग वळवत पळतो आणि ज्या स्नायूंनी छाती फुगवायची, नेमके तेच स्नायू अंग वळवण्यात गुंतलेले असतात. म्हणून सरडा सुर्रकन पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. घोरपड मात्र थबकत नाही. नागपूरभोवतीच्या झुडपी जंगलात, मे महिन्याच्या भट्टीत, ती भक्ष्याच्या शोधात आरामात मोठी रपेट मारते.

हे तिला जमतं ते गळ्यामुळे. घोरपड समोर आली तर आधी तिच्या हनुवटीखाली बघा. तिथली सैल कातडी सारखी फुगते आणि बसते. हा भाता आहे! तोंडात घेतलेली हवा ती गळ्याच्या जोरावर फुप्फुसात ढकलते. १९९९ साली शास्त्रज्ञांनी एक्स-रे चित्रणात घोरपडींचं हे तंत्र टिपलं. पुढचा धक्का त्याहून मोठा होता. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने परत येते. पक्ष्यांच्या फुप्फुसात ती एकाच दिशेने वाहते, आणि ही उडण्यासाठी घडलेली सोय आहे असं मानलं जाई. आफ्रिकेतल्या एका घोरपडीच्या फुप्फुसातही हवा बरीचशी एकाच दिशेने वाहते, हे काही वर्षांपूर्वी दिसून आलं. जमिनीवर पोट टेकवून चालणाऱ्या प्राण्याच्या छातीत पक्ष्यांची युक्ती! मला तरी याहून मोठं नवल ठाऊक नाही.

तिचा पिल्लांचा बंदोबस्तही बघण्यासारखा. मादी खड्डा उकरते, वीसेक अंडी घालते, माती लोटते आणि नाकाडाने दाबून घट्ट करते. मग आजूबाजूला आणखी खड्डे उकरते. हे रिकामे, अंडीचोरांना चकवण्यासाठी. कधी ती सरळ वारूळच गाठते. अंडी फुटायला साडेपाच ते साडेआठ महिने लागतात. तेवढा काळ ती जमीन कुणी नांगरू नये, तिथे मुरूम खोदू नये, एवढंच तिला हवं असतं. भुंगेरे, अळ्या, विंचू, खेकडे, उंदीर आणि मेलेलं जनावरही खाणारा हा प्राणी शेताच्या बांधावरचा फुकटचा सफाई कामगार आहे. कधीमधी कोंबडीचं अंडं गेलं, तरी हिशेब शेतकऱ्याच्याच बाजूने राहतो.

भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. त्यांपैकी एक राजस्थान-गुजरातकडच्या रखरखीत भागातली वाळवंटी घोरपड. या चारही जातींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तरीही ती मारली जाते. पूर्वी दिमडी-खंजिरीवर तिचं कातडं चढवत, सांधेदुखीवर तिचं तेल चोळत. आता त्यात ‘हाथाजोडी’ची भर पडली आहे. धनप्राप्तीसाठी तिजोरीत ठेवायची दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून ही वस्तू विकली जाते, अगदी ऑनलाइनसुद्धा. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही ‘मुळी’ खरं तर नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. २०१७ साली प्रयोगशाळेतल्या तपासणीने हे उघड झालं. शेंदूर लावून देव्हाऱ्यात ठेवलेली ती वस्तू कापून काढलेला अवयव आहे, हे कळल्यावर कुणाचा हात जोडायला उठेल?

दुसरं संकट जागेचं. पूर्व विदर्भातली झुडपी जंगलं बरीच वर्षं पडीक समजून वापरली गेली. उथळ माती, दगड, काटेरी झुडपं. झाडांच्या हिशेबाने तिथे फारसं काही नाही, घोरपडीच्या हिशेबाने सगळं आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच असल्याचा निकाल दिला. माझ्या मते अलीकडच्या काळात घोरपडीच्या बाजूने घडलेली ही मोठी गोष्ट आहे, जरी निकालात चर्चा तिची नव्हती.

घोरपड विषारी नाही आणि आपणहून माणसाच्या अंगावर येत नाही. पावसाळ्यात ती अंगणात किंवा न्हाणीत शिरली तर काठी उचलू नका, दार उघडं ठेवा आणि लांब उभे राहा. ती गेली नाही, किंवा कुणी हाथाजोडी विकताना दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तिला मारणाऱ्याला आणि तिचे अवयव विकणाऱ्याला तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.