पतित देवदूताचा स्वभाव



गेल्या चवथीला आमच्या सुर्ल्याच्या घरी सगळे कुटुंब जमले होते. आरती आटोपली होती, पाने वाढायला अवकाश होता. पुण्याहून आलेला माझा नातू सोप्यावर संगणकावर खेळ खेळत बसला होता. पडद्यावर शिंगे, शेपट्या, वटवाघळासारखे पंख, असा सारा पसारा. मी म्हटले, "बाळा, आत माटोळीखाली गणपती बसला आहे. आज तरी ही भुते बंद कर." मान वर न करता तो म्हणाला, "आजोबा, ही भूत नाही. ही देवदूत होती. हिने वाईट काहीच केलं नाही, तरी हिला खाली पाठवलं."

मी गप्प झालो. कारण अगदी असेच वाक्य माझ्या लहानपणी देवळाच्या मंडपात कीर्तन संपल्यावर मी स्वतः माझ्या आजोबांना म्हटले होते. तेव्हा विषय होता जय-विजयांचा. पतित देवदूत म्हणजे कोण, त्याचा स्वभाव कसा असतो आणि आपल्याला त्याची कणव का येते, हा आजचा विषय त्या दिवशी सुचला.

'पतित देवदूत' हा शब्द आपल्या कानाला परका वाटतो. पण मराठीला ही कल्पना चारशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तीही गोव्यातच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि पुढचे बहुतेक सगळे आयुष्य साष्टीत राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्या काळाच्या कडू आठवणी आपल्यापैकी अनेक घरांत आहेत, त्या विसरा असे मी म्हणत नाही. पण भाषेपुरते पाहिले तर स्टीफन्सने स्वर्गाला शब्द वापरला तो 'वैकुंठ' हा. त्याच्या पहिल्या पुराणात देवदूतांची उत्पत्ती येते आणि ल्युसिफरचे पतनही येते. मिल्टनचे याच विषयावरचे इंग्रजी महाकाव्य १६६७ सालचे. म्हणजे ल्युसिफर वैकुंठातून पडल्याची कथा मराठी ओवीत छापून झाल्यावर पन्नास वर्षांनी मिल्टनचा सैतान जन्मला.

या ल्युसिफरच्या पतनाचे कारण गर्व. तो सर्वांत तेजस्वी होता, आणि त्या तेजामुळेच आपल्यावर कुणी धनी असणे त्याला सोसवेना. पडल्यावर त्याला पश्चात्ताप होत नाही. उलट, आपण पडलो तर माणसालाही पाडू, हा त्याचा ध्यास. अशा पात्राचा दरारा वाटतो, क्वचित आकर्षणही वाटते. मिल्टन नकळत सैतानाच्याच बाजूचा झाला, असे विल्यम ब्लेक या कवीने म्हणून ठेवले आहे. पण आकर्षण वेगळे आणि कणव वेगळी. ल्युसिफरला जवळ घ्यावे असे कुणाला वाटत नाही.

आता आपल्या वैकुंठाकडे वळू. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात सनकादिक चार ऋषी विष्णूच्या दर्शनाला निघतात. वयाने ते सर्वांत वृद्ध, पण दिसायला पाच वर्षांची उघडी पोरे. सहा दारे ते ओलांडतात. सातव्या दारावर जय आणि विजय दंड आडवा धरून त्यांना अडवतात. ऋषी शाप देतात, आणि विष्णूचे द्वारपाल असुरयोनीत पडतात. आधी हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, मग रावण आणि कुंभकर्ण, शेवटी शिशुपाल आणि दंतवक्र. कीर्तनकार यात आणखी एक धागा गुंफतात. देवाने त्यांना विचारले, "सात जन्म भक्त होऊन परत याल, की तीन जन्म वैरी होऊन?" त्यांनी वैर पत्करले, कारण चार जन्मांचा विरह वाचत होता.

या कथेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, गडबड ऐकून विष्णू स्वतः पायी दाराशी येतो आणि ऋषींना म्हणतो की सेवकाचा अपराध तो धन्याचाच अपराध. दुसरी म्हणजे, या पतनाला शेवट आहे. शिशुपाल मरतो तेव्हा त्याच्या देहातून निघालेले तेज कृष्णात मिसळते. विष्णूच्या देवळात गाभाऱ्याच्या दाराशी जय-विजय उभे असतात, ते याच अर्थाने घरी परतलेले आहेत. येता-जाता आपण ज्यांना ओलांडून आत जातो, त्यांनी मधल्या काळात रावणपण भोगलेले असते.

ही दृष्टी आपल्या दशावतारात मुरलेली आहे. पेडण्यात, डिचोलीत जत्रेच्या रात्री वालावलकर, मोचेमाडकर अशा मंडळ्यांचे प्रयोग पाहत आपल्या पिढ्या वाढल्या. आख्यानाआधीच्या भागात गणपती, शारदा, ब्रह्मदेव येऊन जातात आणि मग काळ्या वेषातला संकासुर येतो. याने वेद चोरले आहेत, म्हणजे अपराध लहान नव्हे. पण तो येताच पेंगणारी मुले जागी होतात. तो मालवणीत बोलतो, थट्टा करतो, प्रेक्षकांत ओळखीचा माणूस शोधतो. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो, आणि तो जाऊ नये असे वाटत राहते. पुढे आख्यानात रावण किंवा हिरण्यकशिपू उभा राहतो. त्याची भाषणे कुठे लिहिलेली नसतात, नट ती उभ्याउभ्या रचतो. चांगला नट एखाद्या क्षणी आवाज उतरवतो, आणि या राक्षसाला आपले मूळ घर आठवते आहे असे आपल्याला वाटून जाते.

आता नातवाच्या खेळाविषयी. 'डिसगाया' या नावाचा हा जपानी खेळ 'निप्पॉन इची' या कंपनीने २००३ साली काढला. पुढे तो इतर यंत्रांवरही आला. त्यात फ्लोन नावाची एक शिकाऊ देवदूत आहे. स्वर्गाचा प्रमुख लॅमिंग्टन तिला पाताळात पाठवतो, तेही तिथल्या राजाला ठार करायला. ती पोचते तेव्हा राजा मरून दोन वर्षे झालेली असतात. उरलेला असतो त्याचा मुलगा लाहार्ल. उद्धट, फुशारकी मारणारा, आणि 'प्रेम' हा शब्द ऐकताच अंगावर पाल पडल्यासारखा दचकणारा. राक्षसांच्या ठायी प्रेम नसते असे फ्लोनला शिकवलेले असते. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी ती तिथेच राहून जाते.

तिचा स्वभाव पाहा. ती भोळी आहे, इतकी की पाताळातले सारे तिला हसतात. चटकन रडते. वेळी-अवेळी प्रेमावर प्रवचन देते, आणि ऐकणारा कंटाळला हे तिच्या ध्यानात येत नाही. लहान मुलांच्या मालिकांतल्या शूर नायकांचे तिला वेड आहे. पण या भोळेपणाच्या आत एक चिवट गोष्ट आहे. शिकवलेले आणि पाहिलेले यांचा मेळ बसत नसेल, तर ती पाहिलेल्यावर विश्वास ठेवते. लाहार्लची आई माणूस होती आणि आजारी मुलाला वाचवण्यासाठी तिने आपला जीव दिला, हे कळते तेव्हा तो प्रेमावर का चिडतो तेही उलगडते. उलट, स्वर्गातलाच एक वरिष्ठ देवदूत कपटाने पाताळावर चढाई घडवून आणतो. शेवटी मित्रांच्या बाजूने उभी राहून फ्लोन देवदूतांवर हात उचलते, आणि त्याची शिक्षा म्हणून लॅमिंग्टन तिचे फूल करून टाकतो. सर्वांत समाधानाच्या शेवटात ती पतित देवदूत होऊन परत येते. पंख बदलतात, शेपटी येते. स्वभाव मात्र तोच राहतो. पाताळात बसून ती प्रेमाची प्रवचने पुढे चालू ठेवते.

तीन वैकुंठे आणि तीन पतने आपण पाहिली. पतित देवदूताचा स्वभाव ओळखायचा तर दोन प्रश्न विचारावेत. तो कशामुळे पडला? आणि पडल्यावर त्याच्यात काय उरले? ल्युसिफर गर्वाने पडला आणि त्याच्यात सूड उरला. जय-विजय अधिकाराच्या ताठ्याने पडले आणि त्यांच्यात ओढ उरली, वैराच्या रूपाने का होईना. फ्लोन कणवेमुळे पडली आणि तिच्यात कणवच उरली. आपली सहानुभूती जाते ती या उरलेल्याकडे. एखादा किती उंचावरून पडला याने आपण हळहळत नाही. जिथून त्याला काढले तिथला चांगुलपणा त्याने खाली येतानाही सांभाळला, हे दिसते तेव्हा गळा दाटतो. आणि मग ओघानेच प्रश्न येतो, की चूक पडणाऱ्याची होती की पाडणाऱ्याची? विष्णूने तो प्रश्न स्वतःवर घेतला. स्वर्गाच्या प्रमुखालाही त्या खेळात अखेर त्याचे उत्तर द्यावे लागते.

हे सांगताना मला आमच्या घरातली एक गोष्ट लपवता येत नाही. माझ्या एका आत्याचे नाव आमच्याकडे बरीच वर्षे घेतले जात नव्हते. तिने घराच्या मर्जीबाहेर लग्न केले होते. एका चवथीला ती दोन लहान मुलांना घेऊन आली. वडीलधाऱ्यांनी तिला पायरीवरूनच परत पाठवले. मी दहा वर्षांचा होतो आणि दाराशीच उभा होतो. मी काही बोललो नाही. पुढे तिने कुणाविषयी वाईट शब्द काढला नाही, आणि आमच्याकडचे कुणी आजारी पडले की तिचे विचारणे कुणाच्या ना कुणाच्या हाती येत राही. तिच्यात काय उरले होते, हे आम्हांला ती गेल्यावर कळले. त्या दिवशी पतित कोण होते, आत्या की दारातले आम्ही, याचा विचार मी अजून करतो. जय-विजयांनी तरी वेगळे काय केले होते? दाराशी आलेली लहान मुले त्यांनी परत पाठवली.

जेवणे झाल्यावर मी नातवाशेजारी जाऊन बसलो आणि विचारले, "मग तुझ्या त्या देवदूताचे पुढे काय झाले?" तो जरा खजील झाला. त्या खेळाला अनेक शेवट आहेत. चांगला शेवट मिळायला एक अट असते, आणि ती आधी कुणी सांगत नाही. सबंध खेळात आपल्या हातून आपल्याच बाजूचे एकही माणूस मरता कामा नये. "मध्ये एकदा माझा वार चुकून आपल्याच माणसावर गेला," तो म्हणाला. "म्हणून चांगला शेवट मिळाला नाही. आता पहिल्यापासून खेळतोय."

आयुष्य पहिल्यापासून खेळता येत नाही. पण आत्याची ती दोन मुले आहेत, त्यांना नातवंडेही झाली आहेत. यंदाच्या चवथीला त्यांना आमच्याकडून बोलावणे गेले आहे.