कुत्रीची ‘पाळी’: रक्त थांबले तरी जपा

घरातली कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाची झाली की पहिल्यांदा माजावर येते. मोठ्या जातींत दीड-दोन वर्षेही लागतात. फरशीवर रक्ताचे डाग दिसले की घरचे म्हणतात, ‘हिची पाळी आली.’ गैरसमज इथेच सुरू होतो.

स्त्रीला गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचे अस्तर गळते, ती पाळी. कुत्रीचा रक्तस्राव मात्र गर्भधारणेच्या तयारीचा असतो. साधारण नऊ दिवसांनी तो फिकट होतो आणि नेमकी तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते. ‘रक्त थांबले, आता सोडा’ म्हणणे म्हणूनच महागात पडते. पहिला डाग दिसल्यापासून तीन-चार आठवडे तिला पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नका. अंगणातही एकटी सोडू नका. डायपरने फरशी स्वच्छ राहते, गर्भधारणा टळत नाही.

ती बेचैन वाटली तरी आपली पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात.

माज संपल्यावरही दोन महिने लक्ष ठेवा. खूप तहान, उलट्या, मलूलपणा किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. कधी स्राव दिसतही नाही. हा आजार जीवघेणा आहे. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. पिल्ले नको असतील तर नसबंदी केव्हा करावी, हेही त्यांनाच विचारा. तिने हा धोकाही जवळजवळ टळतो.