आल्याच्या चहात दूध का नासतं?

आल्याचा चहा फाटला की घरात पहिला संशय दुधावर जातो. गवळी पाणी घालतो, पिशवीचं दूध भेसळीचंच असतं, असे निवाडे पातेलं गॅसवरून उतरायच्या आत होतात. कोणाला थोडं विज्ञान आठवलंच, तर आलं आंबट असतं म्हणून दूध नासलं, असं सांगितलं जातं. पावसाळा आला की हे सगळं पुन्हा ऐकावं लागतं. वैताग याचा येतो की, ते पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याच पिशवीतलं वाटीभर दूध दुसऱ्या भांड्यात नुसतं उकळावं. ते नासलं नाही, तर बहुधा खरं कारण आल्यात आहे. दुधाची आम्लता ताडायला डेअरीतही दूध असंच उकळून पाहतात.

आल्यात कारण आहे, पण ते आंबटपणाचं नाही. ताज्या दुधाचा सामू 6.6 ते 6.8 असतो आणि थंड दुधातलं केसीन हे प्रथिन पूर्ण साकळायला तो 4.6 च्या आसपास यावा लागतो. गरम दूध याच्या बरंच आधी फाटतं हे खरं, पण आल्याचा रस जेमतेम आम्लधर्मी असतो आणि चमचाभर रसाने पातेलंभर दुधाचा सामू फारसा हलत नाही. दूध फाडतं ते आल्यातलं झिंगीबेन नावाचं विकर. ते प्रथिनांचे तुकडे करतं. आल्यात असं विकर असल्याचं थॉम्पसन, वुल्फ आणि ॲलन यांनी 1973 मध्ये ‘जर्नल ऑफ फूड सायन्स’मध्ये मांडलं. केसीनचे सूक्ष्म कण दुधात सुटे तरंगतात ते त्यांच्यावरच्या एका संरक्षक थरामुळे. विकराने तो थर कापला की कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. चीज करताना रेनेट हेच काम करतं. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात तर गरम दूध ताज्या आल्याच्या रसावर ओतून मुद्दाम खरवसासारखा गोड पदार्थ करतात. त्यात दही नसतं, लिंबूही नसतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आम्ही वर्षानुवर्षं दुधातच आलं घालतो आणि चहा कधी फाटत नाही. तसं होऊ शकतं. हे विकर साधारण 60 अंश सेल्सिअसला सर्वांत जोमाने काम करतं आणि उकळीला झपाट्याने निकामी होतं. खळखळत्या दुधात थोडं आलं पडलं तर त्याला वेळच मिळत नाही. गार दुधात भरपूर किसलेलं आलं घालून मंद आचेवर ठेवलं, तर तो वेळ आपणच देतो. म्हणून आधणात ठेचलेलं आलं आणि चहा पावडर घालून दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्यावं आणि मगच दूध ओतावं. एवढं करूनही फाटलं तर मात्र दुधावर संशय घ्यायला जागा आहे: ते आंबायला लागलेलं असणार, आणि चहाचा अर्कही किंचित आम्लधर्मी असल्याने उरलेली कसर भरून निघते.

भेसळीच्या आरोपाला तर इथे काहीच आधार नाही. पाणी घातलेलं दूध पातळ होतं, त्याने नासत नाही. उलट आंबटपणा लपवायला दुधात सोडा मिसळला असेल, तर ते उकळताना न फाटण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे न फाटणं हाही शुद्धतेचा पुरावा नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 12 नमुन्यांत आरोग्याला घातक भेसळ सापडली. स्निग्धांश आणि इतर घटक प्रमाणापेक्षा कमी असलेले नमुने बरेच होते, ती तक्रार रास्त आहे. पण तिचा फाटलेल्या चहाशी संबंध नाही.

बाकीचे समज थोडक्यात. गुळाचा चहा फाटतो तेव्हा गूळ बनावटच असतो असं नाही. गुळातली थोडी आम्लता उकळत्या दुधाला पुरते, म्हणून आच बंद करून मग गूळ घालावा. मसाला चहा हा चरक-सुश्रुतांच्या काळचा काढा नव्हे. सुंठ, मिरी, वेलची आयुर्वेदात आहेत, चहाची पत्ती त्या संहितांत नाही. आसामात मळे उभे राहिले ते 1830 च्या दशकात, आणि देशात चहा घरोघरी पोचला तो 1903 च्या चहा-उपकर कायद्यातून मिळालेल्या पैशावर झालेल्या प्रचारानंतर. जास्त उकळल्याने चहा जास्त तरतरी देतो हेही खरं नाही. बारीक दाणेदार पावडरीतलं बहुतेक कॅफिन पहिल्या काही मिनिटांतच उतरतं, त्यानंतर वाढतो तो मुख्यतः तुरटपणा.