बाईही तीच, डॉक्टरही तीच

‘शी मेट अ डॉक्टर’ आणि ‘शी बिकेम अ डॉक्टर’. दोन्ही वाक्यांत चार-चार शब्द आणि त्यांतला एकच वेगळा. पण पहिल्या वाक्यात माणसे दोन, दुसऱ्यात एकच! ‘मेट’ने बाईची गाठ दुसऱ्या कुणाशी घालून दिली, ‘बिकेम’ने बाईलाच डॉक्टर केले. एक क्रियापद बदलले आणि वाक्यातले एक माणूस नाहीसे झाले, हे केवढे नवल!

‘मेट’ हे ॲक्शन व्हर्ब. त्याची क्रिया कर्त्यापासून निघते आणि कर्मापर्यंत पोचते. ‘बिकेम’ हे लिंकिंग व्हर्ब. त्याच्यापुढे कर्म येत नाही, विधानपूरक येते आणि ते कर्त्याविषयीच काही सांगते. ‘इज’, ‘वॉज’, ‘सीम’ यांचेही हेच काम.

खरी गंमत आहे ती पंचेंद्रियांच्या क्रियापदांत: लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील. ही पाचही दोन्ही कामे करतात. मराठीत आपण आंबा पाहतो आणि तो पिकलेला दिसतो; आमटी चाखतो आणि ती खारट लागते. कामे दोन, क्रियापदेही दोन. इंग्रजीत मात्र पाहणेही ‘लुक’ आणि दिसणेही ‘लुक’.

मग ओळखायचे कसे? पुढचा शब्द पाहून. ‘द डॉग स्मेल्स बॅड’ म्हणजे कुत्र्याच्या अंगाला घाण वास येतो आहे. ‘द डॉग स्मेल्स बॅडली’ म्हणजे, काटेकोर वाचले तर, बिचाऱ्याला वासच धड घेता येत नाही! ‘बॅड’ हे विशेषण क्रियापद ओलांडून मागे कुत्र्याला जाऊन चिकटते. ‘बॅडली’ हे क्रियाविशेषण; ते हुंगण्याविषयी बोलते.

आणखी एक कसोटी आहे. क्रियापद काढून तिथे ‘वॉज’ घालून पाहा. ‘द मिल्क टर्न्ड सावर’चे ‘द मिल्क वॉज सावर’ झाले तरी नासलेले दूध नासलेलेच राहते. ‘शी टर्न्ड द की’मध्ये ‘वॉज’ घातले, तर बाईचीच किल्ली होते!

कर्मणी प्रयोगही भेद उघड करतो. ‘शी ग्रू टोमॅटोज’चे ‘टोमॅटोज वेअर ग्रोन’ होते. ‘शी ग्रू टायर्ड’चे तसे काही होत नाही, कारण तिथे कर्मच नाही.

‘ॲक्शन’ या नावावरून मात्र हालचाल शोधत बसू नये. ‘आय नो द आन्सर’मध्ये काडीही हलत नाही, तरी ‘नो’ लिंकिंग नाही: जाणणारा मी वेगळा, उत्तर वेगळे. उलट ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’मध्ये अख्ख्या झाडाचा रंग पालटतो, तरी ‘टर्न्ड’ लिंकिंगच. कारण ‘यलो’ म्हणजे ती पानेच.