शेतघरातील बॅटरी : निवड आणि निगा



हरभरा घाट्यावर आला किंवा मका दाण्यावर आला, की रानडुकरांचा उपद्रव वाढतो. नेमक्या अशाच एखाद्या रात्री कुंपणाचे झटका मशीन बंद पडते आणि सकाळी पाहावे तर बॅटरी उतरलेली असते. "बॅटरीला अजून दोन वर्षेही झाली नाहीत," अशी तक्रार शेतकरी मेळाव्यांतून नेहमी ऐकू येते. पुष्कळदा अशा बॅटरीत बनावटीचा दोष नसतो. एक तर ती चुकीच्या प्रकारची घेतलेली असते, नाही तर अर्धपोटी ठेवलेली असते. कृषी वाहिनीवरील वीज पाळीने मिळत असल्याने वस्तीवरचे दिवे, पंखा आणि कुंपण या तिन्हींचा भार बॅटरीवर असतो. म्हणून तिची निवड व निगा समजून घेणे आवश्यक आहे.

बॅटरीचे काम कसे चालते?

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या प्लेटी व पातळ केलेले सल्फ्युरिक आम्ल असते. बॅटरी वापरात असताना प्लेटींवर लेड सल्फेटचा थर तयार होतो आणि चार्जिंग करताना तो पुन्हा विरघळतो. मात्र बॅटरी उतरलेल्या अवस्थेत काही आठवडे पडून राहिली, तर या थराचे कडक खडे बनतात. ते नंतर चार्जिंग करूनही पूर्णपणे विरघळत नाहीत आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. बॅटरी लवकर मरण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी का चालत नाही?

शंकरपटाचा बैल आणि नांगराचा बैल यांतील फरक आपणांस ठाऊक आहे. ट्रॅक्टरची बॅटरी शंकरपटाच्या बैलासारखी असते. तिच्यात पातळ प्लेटी पुष्कळ असतात. त्यामुळे ती इंजिन सुरू करण्यासाठी काही सेकंद जोराचा प्रवाह देते व लगेच पुन्हा चार्ज होते. तिच्यावर रात्रभर पंखा चालविल्यास ती थोड्याच महिन्यांत खचते.

रात्रभराच्या कामासाठी ट्युब्युलर बॅटरी घ्यावी. तिच्या धन प्लेटीतील क्रियाशील द्रव्य सच्छिद्र नळ्यांत बसविलेले असते. त्यामुळे ते सहज झडत नाही आणि बॅटरी वारंवार उतरणे-चढणे सहन करते.

लिथियम फॉस्फेट बॅटरी वजनाने हलकी असते, तिला पाणी घालावे लागत नाही आणि तिची सुमारे ८० टक्के शक्ती वापरता येते. तिची किंमत मात्र अधिक असते. तिच्यात संरक्षक सर्किट असल्याची खात्री करावी व तिला योग्य असाच चार्ज कंट्रोलर वापरावा.

किती क्षमतेची घ्यावी?

प्रथम एका रात्रीचा वापर मांडावा. उपकरणाचे वॅट त्याच्यावरील पट्टीवर लिहिलेले असतात. त्यांना तासांनी गुणावे. उदाहरणार्थ :

३ एलईडी दिवे (प्रत्येकी ९ वॅट, ४ तास) : १०८ वॅट-तास
१ डीसी पंखा (३० वॅट, ८ तास) : २४० वॅट-तास
झटका मशीन (६ वॅट, १२ तास) : ७२ वॅट-तास
मोबाइल चार्जिंग : ३० वॅट-तास
एकूण : ४५० वॅट-तास

या बेरजेला १२ ने भागल्यास सुमारे ३८ अँपिअर-तास येतात. शिसे-आम्ल बॅटरीची निम्मीच शक्ती वापरावी, म्हणून एका रात्रीसाठी ७५ अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. पावसाळ्यातील ढगाळ दिवस धरून दोन रात्रींची सोय करावयाची असल्यास १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. उपकरणे इन्व्हर्टरवर चालवावयाची असल्यास तूट म्हणून वापरात आणखी १५ ते २० टक्के धरावेत.

खरेदीच्या वेळी क्षमतेपुढील खूण पाहावी. '१५० अँपिअर-तास, सी-१०' म्हणजे १५ अँपिअरने १० तास. 'सी-२०' म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास. आकडा सारखा असला तरी सी-१० ची बॅटरी अधिक दमाची असते. सोलरसाठी तीच पसंत करावी. बनावटीची तारीख पाहावी आणि हमीपत्रावर दुकानदाराचा शिक्का घ्यावा.

वरील वापरासाठी २०० वॅटचे पॅनेल पुरेसे आहे. पाच तासांचे चांगले ऊन मिळाल्यास तूट वजा जाता त्यापासून सुमारे ६०० वॅट-तास मिळतात. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर बसवावाच. पॅनेलवर झाडाची सावली पडू देऊ नये आणि काचेवरील धूळ नियमित पुसावी.

बॅटरीची स्थिती कशी ओळखावी?

चार्जिंग व सर्व उपकरणे बंद करून दोन तासांनी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. १२.५ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या खाली गेल्यास ती निम्म्यावर येत आहे असे समजून वापर कमी करावा. १२ च्या खाली गेल्यास पंखा बंद ठेवून प्रथम चार्जिंग करावे. हायड्रोमीटरने सहाही घरांचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. एखाद्या घराचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी येत असेल, तर ते घर दुबळे झाले आहे असे समजावे.

निगा कशी राखावी?

१) दर महिन्याला पाण्याची पातळी पाहावी. उन्हाळ्यात ती दर पंधरा दिवसांनी पाहावी. फक्त डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटी खराब करतात. आम्ल कधीही घालू नये.

२) पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर खुणेपर्यंत भरावे. प्लेटी उघड्या पडल्या असल्यास मात्र त्या बुडतील इतके पाणी आधी घालावे व मग चार्जिंग करावे.

३) टोकांवर साचलेला हिरवा-पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. झाकणे घट्ट लावलेली असावीत. कोरडे झाल्यावर टोकांना पेट्रोलियम जेली लावावी.

४) बॅटरी सावलीत व हवेशीर जागी ठेवावी. तापमान १० अंशांनी वाढल्यास आयुष्य जवळपास निम्मे होते. त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पत्र्यालगत ती ठेवू नये. खते व कीटकनाशके यांच्याजवळही ठेवू नये.

५) नवी व जुनी बॅटरी एकत्र जोडू नये.

६) चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी पेटवू नये. जोडणी सोडताना ऋण टोक आधी सोडावे. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धूत राहून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

पीक निघाल्यावर काय करावे?

पुष्कळ नुकसान येथेच होते. रब्बीचे पीक निघाले, की मशीन काढून बॅटरी कोपऱ्यात ठेवली जाते आणि थेट पेरणीनंतर आठवते. वापर नसला तरी बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते आणि उन्हाळ्यात अधिक उतरते. म्हणून ठेवण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करावी, तारा सोडून ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पुन्हा पूर्ण चार्ज करावी.

एक महत्त्वाची सूचना

बॅटरी संपली म्हणून कुंपणाच्या तारेत वीजवाहिनीचा प्रवाह कदापि सोडू नये. झटका मशीन अत्यल्प काळाचा, ठराविक अंतराने येणारा झटका देते. त्याने जनावर बिचकते, मरत नाही. वाहिनीचा प्रवाह मात्र सलग असतो. त्याने गुरे मरतात, रात्री पाण्याच्या पाळीला निघालेला माणूसही मरतो; शिवाय तो गुन्हा आहे.

निकामी बॅटरी फोडू नये व तिचे आम्ल बांधावर ओतू नये. शिसे जमिनीत वर्षानुवर्षे राहते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रावर द्यावी. नवी घेताना तिची किंमतही वजा करून मिळते.

बॅटरी पूर्ण उतरू न देणे, उतरलेली तशीच न ठेवणे आणि तिचे पाणी आटू न देणे, ही तीन पथ्ये पाळल्यास ट्युब्युलर बॅटरी काही वर्षे चांगली साथ देते आणि ऐन राखणीच्या रात्री कुंपण बंद पडण्याची वेळ येत नाही.