मान्सूनवर पोसलेला देवमासा

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या आसगावात भाताची रोवणी कधी लागायची, हे नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या हाती असते. त्याच वाऱ्यांवर अरबी समुद्रात देवमाशांची एक जमातही जगते. ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहणारे हे वारे वरचे कोमट पाणी दूर लोटतात आणि खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी त्याच्या जागी वर येते. त्यावर वनस्पती-प्लवक फोफावतात, प्लवकांवर कोळंबीसारखे क्रिल आणि लहान मासे वाढतात, आणि त्यांच्यावर हंपबॅक देवमासा.

जगभरचे हंपबॅक फिरस्ते. उन्हाळा ध्रुवाकडच्या पाण्यात खाण्यात घालवायचा, हिवाळ्यात उबदार समुद्रात येऊन पिल्ले द्यायची. भंडाऱ्याच्या तलावांवर थंडीत उतरणाऱ्या बदकांसारखेच. अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र बारमाही इथलाच. जनुकीय अभ्यासानुसार तो सुमारे 70,000 वर्षे इतरांपासून वेगळा पडला आहे. त्यामुळे इथला एक मेला, तर त्याची जागा भरायला बाहेरून कोणी येत नाही.

तो इथलाच आहे, हे कळले तेही एका कत्तलीतून. नोव्हेंबर 1966 मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळ 238 हंपबॅक बेकायदा मारले. दडवलेल्या नोंदी 1990च्या दशकात उघड झाल्या. मारलेल्या देवमाशांच्या पोटात अन्न होते, आणि माद्यांच्या पोटातल्या गर्भांची वाढ उत्तर गोलार्धाच्या विणीच्या हंगामाशी जुळत होती. म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. पुढे ओमानजवळच्या फोटोंवरून तिथली संख्या अवघी 82च्या आसपास असल्याचा अंदाज निघाला. 

प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, म्हणून फोटोवरून त्याची ओळख पटते. नोव्हेंबर 2017 मध्ये ओमानच्या संशोधकांनी ‘लुबान’ नावाच्या मादीवर उपग्रह-टॅग लावला. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, किनाऱ्याने कन्याकुमारीकडे उतरली आणि ओमानला परतली. त्याच वर्षी गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पाण्याखालच्या ध्वनिग्राहकाने हंपबॅकचे गाणे टिपले. गातात ते नर, म्हणजे नरही इथे येतात. तेव्हा हा प्राणी एकट्या ओमानचा नाही, आपलाही आहे.

त्याला आज धोका आहे तो जाळ्यांचा आणि जहाजांचा. ओमानमध्ये फोटो काढलेल्यांपैकी 30 ते 40 टक्के देवमाशांच्या शेपटीच्या बुंध्याशी जाळ्यात अडकल्याचे वण दिसतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देवमासे आहेत, पण भर समुद्रात कायदा राबवणार कोण? तिथे असतो फक्त मच्छीमार. महाराष्ट्रात 2018 पासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवे, बहिरी (व्हेल शार्क) अशा कितीतरी प्राण्यांना त्याचा उपयोग झाला आहे.

जहाजांचे मार्गही बदलता येतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांना धडक बसू नये म्हणून एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने 2022 मध्ये आपली जहाजे आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. पण त्यासाठी देवमासे कोणत्या महिन्यात कुठे असतात, हे आधी माहीत हवे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर बारमाही ध्वनिग्राहक बसवणे आणि मच्छीमारांनी मोबाइलवर टिपलेल्या प्रत्येक शेपटीची नोंद ठेवणे, हे त्यातले पहिले आणि तुलनेने स्वस्त काम आहे.